शुभाताईंची भरघोस वेणी

ऊर्मिला देवस्थळी हॅनोव्हरला आली तेव्हा तिच्याजवळ दोन सूटकेसा, एक प्रेशर कुकर आणि शिरीष नावाचा एक इंजिनियर नवरा एवढाच ऐवज होता. सतरा वर्षांत कुकरची शिटी गेली, सूटकेसांची चाकं गेली, नवरा तेवढा टिकला. तरी टिकाऊपणाचा विषय निघाला की ऊर्मिला नवऱ्याकडे बघत नाही. तिच्या मते या जगात खऱ्या टिकणाऱ्या वस्तू दोनच, नीट वाळवलेलं फूल आणि नीट धरलेला राग. दोन्ही तिला उत्तम जमतात. दोन्हींना परिस्थितीही सारखीच लागते: अंधार, थोडी ऊब, आणि कोणी सारखं हात लावता कामा नये.

आधी फुलांचं सांगायला हवं. ती आली त्याच्या दुसऱ्याच वर्षी तिथल्या मराठी मंडळातल्या एका लग्नाला पुण्याहून विमानानं मोगऱ्याचे गजरे आले होते. डबा उघडला तर आत चहाची पावडर निघाली. नवरी रडली, नवरीची आई रडली, आणि शेवटी हेअरबँडला चिकटवलेल्या कागदी फुलांवर लग्न लागलं. त्या दिवशी ऊर्मिलानं मनाशी ठरवलं की इथल्या मातीत जे उगवतं आणि वाळल्यावरही फूलच दिसतं, त्याच्या मुंडावळ्या करायच्या.

हे ती पुस्तकातून शिकली नाही, वाया घालवून शिकली. शेवंतीनं वाळता वाळता पाकळ्या पायाशी टाकल्या. डेलियाचा ओला बोळा झाला. ट्यूलिपचं तर तिनं नावच टाकलं. गुलाब अर्धा उमलल्यावर कापायचा, लॅव्हेंडर उमलायच्या आत, आणि हायड्रेंजियासाठी मात्र ती झाडावरच कागदासारखी होईपर्यंत धीर धरायचा, हे कळायला तिला चार उन्हाळे लागले. या सगळ्यांत तिची लाडकी म्हणजे इथली स्ट्रोब्लूमं. हे फूल झाडावर असतानाच सुकलेलं वाटतं, दाबलं की पापडासारखं वाजतं. ऊर्मिलानं त्याचं नाव कुरकुरी ठेवलं होतं. कुरकुरीची अट एकच. बाहेरच्या दोन-तीन ओळी सुटलेल्या आणि मधलं बोंड मिटलेलं असतानाच ती कापायची, कारण कापल्यावरही ही बया उमलत राहते. आधीच पुरती उमललेली कापली, तर टांगल्याजागी मागे कलते, तिचा मधला डोळा तपकिरी होतो आणि दहा-बारा दिवसांत त्यातून पांढरा कापूस सुटतो. लहानपणी आपण म्हातारी म्हणून जिच्यावर फुंकर मारतो, तसा.

आता रागाचं. त्या रागाचं नाव शुभाताई पेंडसे.

शुभाताई अकरा वर्षं मंडळाच्या सचिव होत्या. दर वर्षी निवडणूक व्हायची आणि दर वर्षी त्याच यायच्या, कारण हॉलच्या किल्ल्या कुठे असतात हे फक्त त्यांनाच ठाऊक होतं. बाई वाईट नव्हत्या. कोणी आजारी पडलं की पहिला डबा त्यांचा जायचा. फक्त त्या डब्याबरोबर तुमचं स्वयंपाकघर कसं लावायला हवं याची सूचनाही यायची. त्यांना सगळंच माहीत असे, आणि जे माहीत नसे ते त्या जास्त ठामपणे सांगत.

सहा वर्षांपूर्वीच्या गणपतीत ऊर्मिलानं महिनाभर खपून कुरकुरीचा हार केला होता. एक्केचाळीस फुलं, तांबडी आणि केशरी, प्रत्येकाच्या देठात बारीक तार. आरतीची तयारी चालली होती, नव्वद माणसं जमली होती. शुभाताईंनी तो हार मेलेला उंदीर धरावा तसा दोन बोटांत धरला आणि म्हणाल्या, "ऊर्मिला, देवाला शिळं वाहत नाहीत गं. हे निर्माल्य आधीच कशाला आणलंस?" एवढ्यावर थांबल्या असत्या तर ऊर्मिला कदाचित विसरली असती. पण त्यांनी तो हार हॉलमागच्या तपकिरी बिओटोनेकडे, म्हणजे ओल्या कचऱ्याच्या डब्याकडे पाठवला आणि वर बजावलं की तार ओल्या कचऱ्यात चालत नाही, ती आधी काढून घे. जर्मनीत चूक झाली तर सबंध हॉलचा डबा उचलत नाहीत, हे खरंच होतं. म्हणून आत सगळे टाळ वाजवत असताना ऊर्मिला बाहेर पायरीवर बसली आणि स्वतःच्या हाराच्या एक्केचाळीस फुलांतून एक्केचाळीस तारा ओढून काढल्या.

त्यानंतर तिची कीर्ती वाढत गेली. ड्रेस्डेनहून, हेर्त्सोगेनआउराखहून नवऱ्यांच्या आया तिला फोन करू लागल्या. मुंडावळ्या, वेण्या, नवरदेवाच्या फेट्याचे तुरे, करवलीच्या हातातले गुच्छ, सगळं तिच्या डाखबोडनवर, म्हणजे कौलांखालच्या सामायिक माळ्यावर, उलटं टांगलेलं असे. पण मंडळात मात्र तिचं नाव निर्माल्यवाल्या ऊर्मिलाताई असंच पडलं. लोक प्रेमानं म्हणायचे. प्रेमानं म्हटलेलं फार खोल जातं.

आणि मग ऑगस्टमध्ये शुभाताईंचाच फोन आला. आवाजात साखर इतकी की शिरीषला शेजारच्या खोलीत मुंग्या आल्या. त्यांची मुलगी स्वराली फिलिप लिंडेमानशी लग्न करणार होती. श्टांडेसआम्टमधली, म्हणजे नोंदणी कचेरीतली सही जूनमध्येच झाली होती, आता सप्टेंबरात आपल्या पद्धतीचं लग्न. स्वरालीला वाळलेल्या फुलांचंच सगळं हवं होतं, कारण सध्या इथे त्याचीच फॅशन आहे आणि होणाऱ्या सासूबाईंनाही ते फार पसंत आहे. तेव्हा मुलीच्या मुंडावळ्या आणि स्वतःसाठी एक वेणी. वेणी जरा भरघोस हवी.

ऊर्मिलानं आनंदानं हो म्हटलं. फोन ठेवला आणि नवऱ्याला सांगितलं की शुभाताईंच्या अंबाड्यातून सबंध गावासमोर कापूस उडवल्याशिवाय ती यंदा दिवाळी करणार नाही.

शिरीष मोठा समतोल माणूस. जर्मन कंपनीत सतरा वर्षं काढल्यामुळे तो बायकोचा संतापही आधी तपासणीला घ्यायचा. त्यानं चहा ढवळत विचारलं, "कापूस उडाला तर लोक काय म्हणतील?"

"म्हणतील काय, हसतील."

"कोणाला? वेणी कोणी केली म्हणून विचारतील. आजवर एकाही लग्नात तुझं एक फूल गळलं नाही. गळेल ते पहिलं फूल शुभाताईंचं नसेल, तुझं असेल. गेनाऊ?"

हे गेनाऊ, म्हणजे बरोब्बर, त्याला कुठेही लावायची सवय होती, पण या वेळी ते बरोबर जागी बसलं. दोन दिवसांत भात करपला, इस्त्रीनं एक शर्ट गेला. सूड तर हवा होता. पण नाव जायला नको होतं. तिच्याजवळ या देशात स्वतःचं म्हणावं असं ते एकच होतं. घर भाड्याचं, नोकरी नवऱ्याची, भाषा उसनी. तिसऱ्या दिवशी सकाळी दात घासता घासता तिला उपाय सुचला आणि तोंडात फेस असतानाच ती हसली. उपाय असा होता की शुभाताईंना अगदी खरं ते सांगायचं. साक्षीदारासमोर, स्पष्ट, आणि पुन्हा पुन्हा. ऊर्मिलानं सांगितलेलं शुभाताईंनी अकरा वर्षांत एकदाही ऐकलं नव्हतं.

लग्नाला बारा दिवस उरले असताना तिघी शहराबाहेरच्या फुलांच्या शेतात गेल्या. इथे रस्त्याकडेला अशी शेतं असतात. राखणदार कोणी नसतो, खांबाला साखळीनं सुऱ्या बांधलेल्या असतात, हवी ती फुलं आपल्या हातानं कापायची आणि पैसे पेटीत टाकायचे. शुभाताई उन्हाची टोपी घालून आल्या होत्या आणि गाडीतून उतरल्यापासून ऊर्मिलाला फुलं कशी निवडावीत ते सांगत होत्या. मागून स्वराली टोपली घेऊन. तिचा जन्म इथला; मराठी सगळी कळे, उत्तर मात्र जर्मनमध्ये येई.

ऊर्मिलानं कुरकुरीच्या ओळीत उभं राहून खड्या आवाजात पहिल्यांदा सांगितलं की मिटलेल्या बोंडाची तेवढी घ्या, उमललेली वाळत नाहीत. शुभाताईंनी लगेच सगळ्यात मोठ्या, ताटाएवढ्या पसरलेल्या फुलावर सुरी चालवली. ऊर्मिलाला मनातून गुदगुल्या झाल्या, पण तिनं चेहऱ्यावर काळजी आणली. दुसऱ्यांदा सांगताना तिनं एक उमललेलं फूल चिमटीत फोडून आतला पिवळा भाग दाखवला, इथून फुटतं म्हणून. हे दाखवताना तिला क्षणभर खरीच काळजी वाटली. इतकं पद्धतशीर समजावलं आणि बाईंनी चुकून ऐकलं तर?

शुभाताईंनी ऐकलं नाही. कमरेवर हात ठेवून म्हणाल्या, "ऊर्मिला, माझ्या मुलीचं लग्न आहे, कळ्यांचं बारसं नाही. डोळ्यात भरायला हवं."

"भरेल, ताई. पण तिसऱ्यांदा सांगते, यातून कापूस सुटेल."

"तुझ्या हातची सुटत असतील. माझ्या हातची नाही सुटत."

स्वरालीनं आईकडे पाहिलं, ऊर्मिलाकडे पाहिलं, आणि आपल्या टोपलीत मिटली बोंडं भरू लागली. पोरगी हुशार होती.

त्याच संध्याकाळी ऊर्मिला कामाला बसली. कुरकुरी ओली असतानाच ओवावी लागते. वाळल्यावर सुई आत जात नाही. स्वरालीच्या बोंडांच्या तिनं अशा मुंडावळ्या केल्या की आयुष्यात तशा केल्या नव्हत्या. मोतीदाण्यासारखी एकेक कळी, मधे लॅव्हेंडरचा एकेक देठ, टोकाला अर्ध्या उमललेल्या गुलाबाचा गोंडा. मुलीनं तिचं काय घोडं मारलं होतं? वेणी मात्र तिनं शुभाताईंच्या फुलांची केली, तीही प्रामाणिकपणे. तार पक्की, गाठ पक्की, ओळ सरळ. हातचं राखून तिनं काही केलं नाही. राखायची गरजच नव्हती. दुसऱ्या दिवशी शुभाताई वेणी घेऊन गेल्या, तुझ्या माळ्यावर धूळ असते म्हणून आमच्याकडेच टांगते असं सांगून.

बारा दिवस ऊर्मिला मनातल्या मनात एकेक फूल मागे कलताना बघत होती. इतकी चांगली झोप तिला कित्येक वर्षांत लागली नव्हती.

लग्न शुत्सेनफेराइनच्या, म्हणजे तिथल्या बंदूकबाजांच्या क्लबच्या हॉलमध्ये होतं. भिंतीवर हरणांची शिंगं आणि जुन्या नेमबाजांचे फोटो, त्यांच्याखाली केळीचे खांब. वासुदेव गुरुजी ड्रेस्डेनहून आले होते. एरवी ते तिथे चिप बनवणाऱ्या कारखान्यात होते, शनिवार-रविवार पौरोहित्य करायचे आणि मंत्र टॅबवर बघून म्हणायचे. ऊर्मिला पुढून दुसऱ्या रांगेत, मधोमध बसली. तिथून शुभाताईंचा अंबाडा स्वच्छ दिसणार होता.

आणि शुभाताई आल्या त्या अंबाड्यात ताजे पांढरे गुलाब खोवून. वेणी त्यांच्या हातात होती, चांदीच्या ताटलीत. बारा दिवसांत ती दुपटीनं फुगली होती. फुलं मागे कलून बशीसारखी झाली होती, मधे मऊ, सायीसारखा गोळा. शुभाताई ऊर्मिलापाशी थांबल्या.

"बघ, म्हणत होतीस ना? वाळून उलट मोठी झाली. इतकी सुंदर झालीय की म्हटलं आपण कशाला, विहीणबाईंचा मान करावा."

आणि त्या ताटली घेऊन थेट फ्राऊ लिंडेमानकडे गेल्या.

सहा वर्षं जपलेला सूड एका निरपराध जर्मन बाईच्या डोक्यावर फुटायला निघाला होता. उठून सांगावं की ती माळू नका, तर आधीच माहीत होतं मग केलीस कशाला हा प्रश्न आला. गप्प बसावं, तर फ्राऊ लिंडेमान फजित, शुभाताई कोरड्या, आणि बोट ऊर्मिलाकडे. शिरीषनं शेजारून नुसतं तिच्याकडे पाहिलं. या वेळी तो गेनाऊ म्हणाला नाही, एवढं त्याचं भलं.

फ्राऊ लिंडेमान ताटलीकडे बघत गोंधळून उभ्या होत्या, कारण त्यांचे केस पिकलेले आणि मुलासारखे आखूड कापलेले होते. माळणार कुठे? बाई निवृत्त शिक्षिका. भारतीय लग्नातल्या सगळ्या विधींचा त्यांनी एक ऑर्डनर तयार केला होता, जाड फाईल, रंगीत पट्ट्यांसकट. ती फाईल पाहून ऊर्मिलाच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. तिनं गर्दीतून वाट काढली आणि आपल्या लंगड्या जर्मनमध्ये त्यांना समजावलं की ही वेणी वरमाईनं स्वतः माळायची नसते. वरमाईनं ती वधूमाईच्या केसांत माळायची असते, मंगलाष्टकं सुरू व्हायच्या आधी, सगळ्यांसमोर. आमच्याकडे याला फार महत्त्व आहे.

फ्राऊ लिंडेमाननी फाईल उघडली, चौदावा मुद्दा लिहिला आणि विचारलं, बसून की उभ्यानं?

"उभ्यानं," ऊर्मिला म्हणाली.

कोणत्या हातानं?

"दोन्ही." आणि पर्समधून तिनं अकरा हेअरपिना काढून त्यांच्या हातावर ठेवल्या. सगळ्या लावायच्या असतात, असंही सांगितलं.

फ्राऊ लिंडेमान मांडवात उभ्या राहिल्या आणि वेणी उंच धरून शुभाताईंकडे चालू लागल्या तेव्हा सगळ्यांच्या माना तिकडे वळल्या. असा विधी नसतो हे शुभाताईंना पक्कं माहीत होतं. पण गेले तीन महिने लिंडेमान मंडळींना रीतिरिवाज शिकवताना त्यांनी स्वतःच अर्धा डझन रिवाज पदरचे घातले होते. आता एकाला खोटं म्हटलं असतं तर फाईल पहिल्या पानापासून तपासली गेली असती. त्यांनी गुरुजींकडे आशेनं पाहिलं. गुरुजींनी टॅब वरखाली केला, काही सापडलं नाही, आणि कोकणातल्या लोकांत असेल म्हणून मान डोलावली. ताजे गुलाब काढून टेबलावर गेले. फ्राऊ लिंडेमाननी अकराच्या अकरा पिना शिक्षिकेच्या शिस्तीनं खोचल्या. ती वेणी आता वादळातही हलली नसती.

अंतरपाट धरला गेला. दोन मंगलाष्टकं नीट पार पडली. तिसरं शुभाताईंनी स्वतः रचलेलं होतं, त्यात दोन्ही घराण्यांची आणि हॅनोव्हर शहराची स्तुती होती. त्या माइकपाशी आल्या, डोळे मिटले, आणि वरचा सूर लावताना त्यांनी मान झोकून दिली.

पहिली म्हातारी तेव्हा सुटली. उजेडाच्या झोतात तरंगत वर गेली आणि सावकाश एका हरणाच्या शिंगावर टेकली. मग दुसरी. मग सावधान झालं आणि दीडशे माणसांनी अक्षता टाकल्या. मागच्या रांगांतून टाकलेल्या अर्ध्या अक्षता नेहमीप्रमाणे पुढच्यांच्या डोक्यावर पडल्या, आणि शुभाताईंच्या डोक्यावर तांदळाच्या दाण्यासरशी भुसकन् ढग उठू लागला. जांभळ्या पैठणीवर पांढरं, नथीवर पांढरं, माइकच्या जाळीत पांढरं. पुढचं कडवं गायला त्यांनी श्वास घेतला तो कापसासकट आत गेला आणि हॅनोव्हरची स्तुती खोकल्यात संपली. लिंडेमानांकडच्या चाळीस पाहुण्यांना हा विधीचाच भाग वाटला. त्यांनी टाळ्या वाजवल्या. मराठी बाजूनं कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. ती माणसं रुमाल तोंडात धरून एकमेकांच्या खांद्यांवर डोकी ठेवत होती.

ऊर्मिला हसली नाही. ती अगदी ताठ बसून बघत होती. एकही सुटलेली म्हातारी तिच्या नजरेतून निसटली नाही.

हार घातले गेल्यावर शुभाताईंनी तिला दंडाला धरून बाहेरच्या बोळात नेलं.

"तू केलंस हे. मुद्दाम केलंस."

"फुलं तुम्ही कापलीत, ताई. मी फक्त ओवली."

"मला सांगायचं होतंस."

तेवढ्यात स्वराली आली, मागे सासूबाई. तिच्या कपाळावर मुंडावळ्या होत्या, अक्षतांचा मारा खाऊनही कळी न् कळी जागेवर. तिनं आईकडे पाहिलं आणि अत्यंत थंडपणे म्हणाली, "झी हाट एस द्रायमाल गेझाग्ट, ममा." म्हणजे तिनं तीनदा सांगितलं होतं. हे जर्मनमध्ये म्हटल्यामुळे फ्राऊ लिंडेमाननाही कळलं. त्यांनी चष्मा वर करून विहिणीकडे पाहिलं, गृहपाठ न केलेल्या मुलीकडे बघतात तसं.

शुभाताईंनी ओठावर चिकटलेला एक तंतू बोटानं काढला. मग त्या जमिनीकडे बघत म्हणाल्या, "सांगितलं होतंस."

"कळलं नाही, ताई. जरा मोठ्यानं."

"सांगितलं होतंस, बाई! तुला कळतं फुलांतलं. झालं समाधान?"

झालं होतं, पण पुरतं नाही. शुभाताई बाकावर बसल्या, डोकं पुढे केलं आणि एकच शब्द म्हणाल्या, "काढ."

ऊर्मिला त्यांच्या मागे उभी राहिली. अकरा पिना तिनं एकेक करून काढल्या, थोड्या दुखतील अशाच. वेणी बाजूला ठेवली आणि केसांत अडकलेला कापूस वेचायला लागली. एक तंतू, मग दुसरा. आतून जेवणाची पंगत मांडल्याचा आवाज येत होता. शुभाताईंनी दोनदा विचारलं, झालं का? होतंय, ती म्हणाली, घाई केली की तुटतात आणि आत राहतात. पाऊण तास तिनं लावला. शुभाताईंना इतका वेळ गप्प बसलेलं त्या शहरात कोणी पाहिलं नव्हतं.

पुढची बाजू तिनं आरशासारखी स्वच्छ केली. कानशिलं स्वच्छ केली. भांग बोटानं सरळ करून दिला. मागे, अंबाड्याच्या अगदी खाली, तीन म्हाताऱ्या मात्र तिनं होत्या तिथेच राहू दिल्या, आणि शुभाताईंच्या खांद्यावर हात ठेवून गोड आवाजात म्हणाली, "झालं, ताई. या आता. पाठमोरे फोटो सुरू झालेत."